ऑपरेशनआधी हातात मणका : थ्रीडी मॉडेल म्हणजे काय, ते कुणाला लागतं?

क्रांती चौक, छत्रपती संभाजीनगर : पैठण, गंगापूर, फुलंब्रीकडून मणक्याचा पेशंट घेऊन माणसं क्रांती चौकात उतरतात, तेव्हा पिशवीत स्कॅनच्या फिल्म असतात आणि मनात एकच भीती असते, मणक्याचं ऑपरेशन केलं आणि पाय गेले तर? अशा अवघड ऑपरेशनआधी काही डॉक्टर आता थ्रीडी मॉडेल करून घेतात. होकार देण्याआधी त्याची माहिती असलेली बरी.

मॉडेल म्हणजे काय?

डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचा कणा ठेवलेला असतो, तो हा नव्हे. तो सगळ्यांना समजावण्यासाठी असतो. थ्रीडी मॉडेल म्हणजे त्याच पेशंटच्या मणक्यांची, त्याच मापाची प्रतिकृती.

कसं तयार होतं?

सीटी स्कॅन मशीन कण्याचे काकडीच्या चकत्यांसारखे पातळ काप फोटोत टिपते. कॉम्प्युटर हे काप जोडून हाडाचा पूर्ण आकार उभा करतो. मग थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकचा थरावर थर देत मणका घडवतो. याला बरेच तास लागतात.

डॉक्टरांना उपयोग काय?

कणा सरळ किंवा घट्ट करायचा तर मणक्यांत स्क्रू बसवून रॉड जोडतात. पाठीच्या मणक्यात स्क्रू जायची वाट काही मिलिमीटरचीच असते आणि तिला लागूनच आत मज्जारज्जू असतो. वाकलेल्या कण्यात तर ही वाट नेहमीच्या जागी सापडत नाही. मॉडेलवर डॉक्टर आधीच छिद्र पाडून बघतात, स्क्रूची लांबी मोजतात, रॉड वाकवून ठेवतात. इथे अंदाज चुकला तर प्लास्टिक खराब होतं, माणूस नाही. नातेवाइकांनाही दुखणं कुठं आहे ते हातात घेऊन बघता येतं.

कुणाला लागतं?

जन्मापासून किंवा वाढत्या वयात वाकडा झालेला कणा, टीबीने खाल्लेले मणके, मणक्यातली गाठ, आधी बिघडलेलं ऑपरेशन, अशा अवघड केसमध्ये उपयोग जास्त. साधी गादी सरकली असेल तर सहसा गरज पडत नाही. बऱ्याच जणांना तर ऑपरेशनही लागत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे प्रिंट केलेला धातूचा मणका शरीरात बसवणं. 2014 मध्ये चीनमधल्या बीजिंगला 12 वर्षांच्या मुलाला असा मणका बसवला. 2017 मध्ये गुरुग्रामच्या मेदांता हॉस्पिटलमध्ये टीबीने मानेचे मणके खराब झालेल्या महिलेवर असं ऑपरेशन झालं. आपल्या राज्यात मुंबई आयआयटीचं 'बेटिक' केंद्र डॉक्टर आणि इंजिनिअरांना एकत्र आणून वैद्यकीय उपकरणं तयार करतं.

होकाराआधी हे विचारा

1. मॉडेलशिवाय ऑपरेशन होऊ शकतं का? मॉडेलमुळे माझ्या केसमध्ये नेमका काय फरक पडेल?
2. मॉडेलचा खर्च वेगळा आहे का? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.
3. स्कॅन केल्यावर फिल्मसोबत सीडीही मागून घ्या. मॉडेल त्या डिजिटल फाईलवरून बनतं, फिल्मवरून नाही. सीडी असली तर तोच स्कॅन दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवता येतो.

एक लक्षात ठेवा. मॉडेलमध्ये मुख्यतः हाड दिसतं. नस किती दबली ते कळायला एमआरआय लागतोच. मॉडेल असलं तरी ऑपरेशनचा धोका पूर्ण जात नाही.

आणि पायातली ताकद अचानक गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मॉडेल, मालिश, गावठी इलाज यांत वेळ घालवू नका. त्याच दिवशी घाटी किंवा मणक्याचे सर्जन असलेला दवाखाना गाठा. दबलेल्या नसेला उशीर सोसत नाही.