दास लेबेन डेर आंडेरेन : प्रेक्षक व समीक्षकांचा प्रतिसाद

दास लेबेन डेर आंडेरेन (अर्थ : इतरांचे जीवन) हा फ्लोरियान हेंकेल फॉन डोनर्समार्क यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला जर्मन चित्रपट २३ मार्च २००६ रोजी जर्मनीत प्रदर्शित झाला. कथानक १९८४ सालच्या पूर्व बर्लिनमध्ये घडते. 'श्टाझी' या गुप्त पोलीस खात्याचा अधिकारी गेर्ड वीस्लर नाटककार गेओर्ग ड्रायमान याच्यावर पाळत ठेवतो. पोटमाळ्यावर बसून त्याचे खाजगी आयुष्य ऐकता ऐकता तो स्वतःच बदलतो आणि अखेर त्याला वाचवतो. चित्रपटाचे कौतुक जेवढे झाले, तेवढाच वाद या अखेरच्या भागावर झाला.

== जर्मनीतील प्रतिसाद ==
१९९२ पासून श्टाझीच्या बळींना स्वतःची कागदपत्रे वाचण्याचा अधिकार मिळाला होता. त्यामुळे अनेक जर्मन प्रेक्षकांना हा विषय ऐकीव नव्हता. १९७६ मध्ये पूर्व जर्मनीने नागरिकत्व काढून घेतलेले कवी व गायक वोल्फ बीअरमान यांनी चित्रपटाची वाखाणणी केली. पश्चिमेत वाढलेल्या तरुण दिग्दर्शकाला ही राजवट इतकी नेमकी कळली, याचे त्यांना नवल वाटले.

उलट, होहेनशोनहाउझेन येथील जुन्या श्टाझी तुरुंगाच्या स्मारकाचे तत्कालीन संचालक हुबेर्टुस क्नाबे यांनी तेथे चित्रीकरणास परवानगी नाकारली. श्टाझीच्या माणसाला नायक करणे हा बळींचा अवमान आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दिग्दर्शकाने 'शिंडलर्स लिस्ट'चा दाखला दिला, तेव्हा शिंडलर खरोखर होऊन गेला, वीस्लर मात्र झाला नाही, असे क्नाबे यांनी उत्तर दिले. 'श्टाझीलँड'च्या लेखिका ॲना फंडर यांचा आक्षेप अधिक मूलगामी आहे : खात्यात कामाची वाटणी अशी होती आणि कर्मचाऱ्यांवरही इतकी नजर असे, की एकट्या अधिकाऱ्याला कोणाला लपवून वाचवणे शक्यच नव्हते. असे असूनही, चित्रपट म्हणून तो उत्तम असल्याचे त्यांनी मान्य केले. स्वतःची श्टाझी फाइल वाचून त्यावर पुस्तक लिहिणारे ब्रिटिश इतिहासकार टिमथी गार्टन ॲश यांनाही तपशील अतिरंजित वाटले, पण चित्रपटाचे सामर्थ्य त्यांनी नाकारले नाही.

== उलरिश म्युहे ==
वीस्लरची भूमिका करणारे उलरिश म्युहे पूर्व जर्मन रंगभूमीचे नट होते आणि त्यांच्यावरही पाळत होती. भूमिकेची तयारी कशी केली, या प्रश्नावर आपण केवळ आठवले, अशा आशयाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. आपली पूर्वपत्नी श्टाझीची खबरी होती, असा आरोप त्यांनी केला. तिने तो ठाम नाकारला आणि न्यायालयाने संबंधित मजकुराच्या प्रसिद्धीस मनाई केली. पडद्यावरचा संशय असा पडद्याबाहेरही शिल्लक राहिला.

== पुरस्कार ==
बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात चित्रपटाची निवड झाली नव्हती. त्याला सात जर्मन चित्रपट पुरस्कार, २००६ चा सर्वोत्कृष्ट युरोपीय चित्रपटाचा पुरस्कार आणि फेब्रुवारी २००७ मध्ये परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. म्युहे यांचे त्याच वर्षी जुलैमध्ये पोटाच्या कर्करोगाने निधन झाले.