लेहची साहसी सहल : आधी मुक्काम, मग मुलुखगिरी

मुंबई-पुण्यात जून उजाडला की छत्र्या बाहेर निघतात आणि नेमक्या त्याच दिवसांत लेहमधील पर्यटनाचा हंगाम भरात येतो. नैऋत्य मोसमी पावसाचे ढग हिमालयाच्या मुख्य रांगेपाशी अडतात; तिच्या पलीकडच्या लडाखच्या वाट्याला पाऊस येतो तो नाममात्र. लेहला वर्षभरात सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या दिवसातच तेवढा कोसळून जातो! वर्षातले तीनशेहून अधिक दिवस लख्ख ऊन, समोर सिंधूचे खोरे आणि त्यापलीकडे स्टोकची हिमशिखरे, असा हा गाव आहे. राफ्टिंग, सायकलिंग, पदभ्रमण, मोटारसायकलवरून खिंडी ओलांडणे या साऱ्यांसाठी देशात याहून सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

मात्र हे ऊन फसवे आहे. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर, म्हणजे साडेअकरा हजार फुटांवर वसले आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर माणूस विमानाने दिल्लीहून तासा-सव्वा तासात जाऊन पोहोचतो आणि अडचण येथूनच सुरू होते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही २१ टक्केच असते. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्क्यांवर आलेला असल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू घटतो. या बदलाशी जुळवून घ्यायला शरीराला काही दिवस लागतात, आणि ते दिवस पैसे मोजून विकत घेता येत नाहीत.

सह्याद्रीत वर्षानुवर्षे गड चढणाऱ्यांचा येथे हमखास गैरसमज होतो. दमसास चांगला असला की उंची बाधत नाही, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात उंचीचा त्रास तरुण, धडधाकट माणसालाही होतो. किंबहुना अंगात जोर असल्यामुळे तो पहिल्याच दिवशी हिंडायला बाहेर पडतो आणि रात्री अंथरुणाला खिळतो. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, चक्कर, झोप न लागणे ही प्राथमिक लक्षणे होत. बसल्या जागी धाप लागणे, खोकला थांबत नसणे, तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही मात्र फुप्फुसात अथवा मेंदूत पाणी साचत असल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट पाहण्यात अर्थ नसतो. रुग्णाला तातडीने कमी उंचीवर नेणे आणि प्राणवायू देणे हाच उपाय. लेहमध्ये असताना असे घडले तर सोनम नोर्बू स्मृती रुग्णालय गाठावे. उंचीच्या त्रासाचे रुग्ण तेथील डॉक्टरांच्या नित्याच्या परिचयाचे आहेत.

त्यामुळे विमानाने जाणाऱ्यांनी पहिले दोन दिवस पूर्णपणे मोकळे ठेवावेत. पहिला दिवस तर खोलीत आणि अंगणातच घालवावा. भरपूर पाणी, हलके जेवण, मद्य व धूम्रपान वर्ज्य. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मुख्य बाजारपेठेत फेरफटका मारण्यास हरकत नाही. सतराव्या शतकात सेंगे नामग्याल राजाने पूर्णत्वास नेलेला नऊमजली राजवाडा किंवा शांतीस्तूपाच्या पायऱ्या यांचा मोह तिसऱ्या दिवसापर्यंत आवरावा. ॲसिटाझोलामाइड, म्हणजेच ‘डायमॉक्स’ या नावाने ओळखले जाणारे औषध प्रतिबंधक म्हणून घेतले जाते. पण सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ते चालेलच असे नाही, म्हणून शेजाऱ्याने घेतले म्हणून आपणही घ्यावे असे करू नये. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हृदयविकार, दमा वा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी तर जाण्याचा निर्णयच डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. बाजारात मिळणाऱ्या प्राणवायूच्या छोट्या डब्यांवर विसंबू नये. त्या काही मिनिटांत संपतात.

रस्त्याने जावे की विमानाने?

वेळ हाताशी असेल तर श्रीनगरकडून रस्त्याने जाणे प्रकृतीला सर्वांत मानवते. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, वाटेतील कारगिल सुमारे २,७०० मीटरवर. झोजीला आणि फोतुला या खिंडी वाटेत लागल्या तरी रात्रीचा मुक्काम बेताच्या उंचीवर होतो. द्रास येथील कारगिल युद्धस्मारकही याच रस्त्यावर आहे. सव्वाचारशे किलोमीटरचा हा प्रवास दोन दिवसांत आरामात होतो.

मनालीचा रस्ता निसर्गसौंदर्यात सरस, पण कसोटी पाहणारा. बारालाचा, लाचुलुंग आणि तांगलांग या खिंडी ओलांडाव्या लागतात. यांपैकी तांगलांगला पाच हजार तीनशे मीटरच्या घरात आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगचा फेरा वाचला. सोय झाली खरी, परंतु त्यामुळेच मनालीहून सकाळी निघालेली मंडळी त्याच दिवशी सुमारे ४,३०० मीटरवरील सरचूला जाऊन पथारी पसरू लागली. एका दिवसात मुक्कामाची उंची दोन हजार मीटरने वाढवणे म्हणजे आजाराला आमंत्रणच. पहिली रात्र जिस्पा किंवा केलाँगला काढावी, हे अनुभवी वाहनचालकही सांगतात. मात्र सहलीच्या वेळापत्रकात त्यांचे ऐकले जाण्याची सोय नसते. हिवाळ्यातील बर्फामुळे हा रस्ता साधारणतः मे अखेर ते ऑक्टोबरपर्यंतच भरवशाचा. मे महिन्याच्या सुटीत मुलांना घेऊन जाऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांची येथेच पंचाईत होते. त्यांनी विमानाचा पर्याय निवडावा किंवा श्रीनगरच्या रस्त्याची स्थिती पाहून निघावे. शाळेचे बंधन नसेल त्यांच्यासाठी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम; आकाश निरभ्र असते, नद्यांचा जोर ओसरलेला असतो आणि गर्दीही कमी होते.

साहसाचा क्रम

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खऱ्या सहलीला आरंभ करावा. सिंधूवरील फे ते निमू हा टप्पा राफ्टिंगची पहिली ओळख करून घेण्यास योग्य. झंस्कार नदीवरील चिलिंग ते निमू हा टप्पा अधिक थरारक. उंच कड्यांच्या घळईतून नाव जाते आणि निमूजवळ झंस्कार व सिंधूचा संगम गाठते. पाणी वितळलेल्या बर्फाचे असल्यामुळे अंग बधिर करणारे असते. अंगाला नीट बसणारे जीवरक्षक जॅकेट, शिरस्त्राण आणि गारठा रोखणारा पोशाख न देणाऱ्या व्यावसायिकाकडे दर कितीही कमी असला तरी जाऊ नये.

पदभ्रमणाचा श्रीगणेशा करणाऱ्यांनी लिकिर ते तेमिसगाम हा शाम खोऱ्यातील दोन-तीन दिवसांचा मार्ग निवडावा. वाटेतील खिंडी चार हजार मीटरच्या आत-बाहेर आणि मुक्काम गावातील घरांत. मुरलेल्या भटक्यांसाठी मार्खा खोरे आहे. हेमिस राष्ट्रीय उद्यानातून जाणारी ही वाट कोंगमारू ला या पाच हजार मीटरहून उंच खिंडीवरून उतरते. तेथील घरगुती मुक्कामांमुळे तंबू वाहून न्यावे लागत नाहीत आणि पैसा थेट गावकऱ्यांच्या हाती पडतो. ६,१५३ मीटर उंचीचे स्टोक कांगरी शिखर एकेकाळी हौशी गिर्यारोहकांची पहिली पसंती होते. अतिगर्दीचा आणि आटणाऱ्या हिमनदीचा विचार करून २०२० पासून ते बंद करण्यात आले. त्यामुळे कोणी त्याचे आश्वासन देत असेल तर अधिकृत परवानगी आधी तपासावी.

खारदुंग ला ही खिंड लेहपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर. तेथवर गाडीने जाऊन सायकलवरून उतरत येणे हा अतिशय लोकप्रिय प्रकार आहे. खिंडीतील जुन्या फलकावर १८,३८० फूट असा आकडा अनेक वर्षे मिरवत होता आणि त्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेणे हा जणू धर्मविधीच झाला. उपग्रहाधारित मोजणीनुसार मात्र ही उंची सुमारे १७,५८२ फूटच भरते. तरीही तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक रेंगाळू नये.

खिंडीपलीकडील नुब्रा खोरे लेहपेक्षा काहीसे खाली, सुमारे ३,१०० मीटरवर आहे. पँगाँग सरोवर मात्र चार हजार दोनशे मीटरच्या वर. ‘थ्री इडियट्स’ या २००९ च्या चित्रपटानंतर पर्यटकांची धाव आधी पँगाँगकडे असते. पण क्रम उलटा ठेवावा. आधी नुब्रात दोन रात्री काढाव्यात आणि मगच पँगाँगला मुक्काम करावा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक उंचावू नये, हा वैद्यकशास्त्राचा दंडक त्यामुळे बराचसा पाळला जातो.

राखीव दिवस हवाच

वाळवंटी प्रदेश म्हणून पावसाला अगदीच गृहीत धरू नये. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेह परिसरात झालेल्या ढगफुटीत व चिखलाच्या लोंढ्यात दोनशेहून अधिक जणांचा बळी गेला. उघडे, मातीचे डोंगर थोड्या वेळात पडलेले पाणी पेलू शकत नाहीत. म्हणून नाल्याच्या पात्रात तंबू ठोकू नये आणि दुपारनंतर ओढे ओलांडण्याचे टाळावे. उन्हाने बर्फ वितळून सायंकाळी पाणी चढते. सप्टेंबर २०२५ मध्ये लेहमधील आंदोलनाला हिंसक वळण लागून संचारबंदी जारी झाली होती. विमाने बहुतांशी सकाळीच उडतात आणि हवामान बिघडले की रद्द होतात. परतीच्या प्रवासाआधी लेहमध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवावा आणि दिल्लीहून पुढचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नये.

कागदपत्रांत ओळखपत्राच्या प्रती हव्यात. सीमेलगतच्या भागासाठीचे शुल्क व परवानगीचे नियम वारंवार बदलत आले आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी लडाख प्रशासनाच्या संकेतस्थळावर ते पाहून घ्यावेत. मोबाइल पोस्टपेड असावा. बाहेरचे प्रीपेड सिमकार्ड तेथे चालत नाही. प्रवासविमा काढताना किती उंचीपर्यंत आणि कोणत्या साहसी खेळांना संरक्षण आहे, हे वाचावे. अनेक पॉलिसींत नेमके तेच वगळलेले असते. सामानात लोकरी कपड्यांइतकेच महत्त्व काळ्या चष्म्याला आणि उन्हापासून बचाव करणाऱ्या मलमाला द्यावे. गारव्यामुळे चटका जाणवत नाही आणि दोन दिवसांत नाकाची साल निघते. लेहमध्ये पाण्याची चणचण असते, तेव्हा पारंपरिक कोरड्या शौचालयाची सोय असलेल्या घरात उतरण्यास नाक मुरडू नये. पाण्याची बाटली सोबत न्यावी; बाजारात उकळलेले पाणी भरून देणारी दुकाने आहेत.