शिस्त, माशी आणि टप्पा : चाकणच्या वेढ्याच्या निमित्ताने

‘शिस्त’ हा शब्द आज वर्तनातील नियमबद्धतेचा वाचक झाला असला, तरी जुन्या मराठीत त्याचा अर्थ नेम असा होता. बंदुकीची शिस्त धरली जाई. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, तसेच तिरंदाजाने अंगठ्यात घालावयाचे कडे. म्हणजे हा शब्द धनुष्यावरून बंदुकीवर आला. नळीच्या टोकावरील उंचवट्यास ‘माशी’ म्हणत. गोळी जेथवर पोचे त्या अंतरास ‘टप्पा’ हे नाव होते. शिस्त कोणत्या अंतराला धरून बांधावी, या प्रश्नाचे उत्तर मात्र या शब्दांत नाही. ते शस्त्राच्या घडणीत शोधावे लागते.

चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. २१ जून १६६० रोजी शाएस्तेखान त्याच्यासमोर आला, तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याच्यापाशी डोंगराची उंची नव्हती. तट, खंदक आणि पावसाळा एवढेच साह्य होते. तोड्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी तिच्यात सैल बसे आणि बाहेर पडताना कोणत्या अंगाने झुकेल याचा नेम नसे. एकेका माणसावर झाडलेला बार शंभर यार्डांपलीकडे क्वचितच भरवशाचा ठरे. अशा शस्त्राला ठराविक अंतराची शिस्त बांधण्यात अर्थच नव्हता. अंतर ठरविण्याचे काम तटाची रचना करी. शत्रू खंदकाच्या काठाशी येईपर्यंत बार राखून ठेवणे, हीच त्या काळची खरी शिस्त म्हटली पाहिजे.

या माऱ्यामुळे मोगलांना उघड्या मैदानातून चालून येणे परवडेना. त्यांनी मोर्चे पुढे सरकवीत ईशान्येच्या बुरुजाखाली सुरुंग नेला. तो १४ ऑगस्टला उडाला. बुरूज ढासळला, तरी आतल्यांनी मागे मातीचा बांध घालून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी कोट पडला. मोगलांकडील २६८ ठार आणि ६०० जखमी ही गणना जदुनाथ सरकारांनी दिली आहे. तिच्यावरून मराठ्यांच्या दूरवरच्या अचूक नेमबाजीचे अनुमान काढण्याचा मोह काही लेखकांना होतो. तो टाळलेला बरा. अंतर जवळचे होते, म्हणूनच मारा जिव्हारी लागला. पुढे १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात गडाच्या माऱ्याच्या आटोक्यात दुसरा डोंगर असू नये, अशी दक्षता सांगितली आहे. तेथेही टप्प्याचा विचार स्थळाच्या अंगाने होतो, शस्त्राच्या अंगाने नव्हे.

नळीत पीळदार खाचा पडल्या आणि हा विचार शस्त्रात शिरला. डोळ्याची रेषा सरळ, गोळीची वाट मात्र वाकडी. नळी किंचित वर कललेली असल्याने गोळी दृष्टिरेषेस दोनदा छेदते, आणि दुसऱ्या छेदाचे अंतर म्हणजे शिस्तीचे अंतर. थर्टी-ओ-सिक्स जातीच्या रायफलीची शिस्त २०० यार्डांवर बांधली, तर १०० यार्डांवर गोळी सुमारे दोन इंच वर लागते आणि ३०० यार्डांवर आठ-नऊ इंच खाली जाते. मोकळ्या माळावरील हरणासाठी हे सोयीचे. मचाणावरून होणारा बार बहुधा पन्नास यार्डांच्या आतला. तेथे दूरची शिस्त निरुपयोगी, कारण झाडीत तेवढे दिसतच नाही. लष्करी ली-एन्फील्डच्या मागच्या निशाणीवर २०० ते २००० यार्डांच्या खुणा असत. त्यांतील शेवटची एका माणसासाठी नव्हे, जमावासाठी होती.

खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. तेव्हा चाकणच्या परिसरात जुने आणि नवे गणित फार दूर राहिले नव्हते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकाऱ्याचा प्रश्न येथे जवळपास मिटला. पिंपरी-चिंचवडलगतच्या बालेवाडीत आज जी नेमबाजी चालते, तिच्यातील रायफलींचे अंतर दहा आणि पन्नास मीटर असे स्पर्धेच्या नियमांनीच ठरलेले असते.