पाडण्याआधी पाहणे

सांगलीत कृष्णेला मोठा पूर आला की पाणी ओसरताच एक चर्चा हटकून सुरू होते. गावभाग, खणभाग, गणपती पेठ हा जुना भाग असाच ठेवायचा, की पाडून नव्याने बांधायचा? २००५, २०१९ आणि २०२१ अशा तिन्ही पुरांनंतर ती मी ऐकली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मी राहतो ते विश्रामबाग नदीपासून दूर. त्यामुळे 'सगळे इकडे हलवा' असा सल्ला देणे आम्हाला सोपे जाते. पण पेठेतला दुकानदार, तिथला हमाल, माडीवरचा भाडेकरू यांचे पोट त्या पेठेवर आहे. तेव्हा जुन्या वस्तीचे भवितव्य कोणी ठरवायचे? या प्रश्नाला आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट, अंधाऱ्या वस्त्यांत रोग मुरतो, अशी तेव्हाच्या सरकारची समजूत. त्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, पुढे दादर-माटुंग्याची आखणी केली. शहराचा फायदा झाला, यात शंका नाही. पण ज्यांची घरे पडली त्या गरिबांना कोणी विचारले नव्हते. ते शेजारच्याच चाळीत दाटीवाटीने शिरले. गर्दी हटली नाही, फक्त तिने जागा बदलली.

१९१४ मध्ये पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ हिंदुस्थानात आले. मूळचे जीवशास्त्रज्ञ, त्यामुळे शहराकडे ते जिवंत शरीरासारखे पाहत. आधी गल्लीबोळ पायी हिंडायचे, लोकांशी बोलायचे, मग नकाशा काढायचा, ही त्यांची पद्धत. सरसकट पाडापाडीऐवजी अगदी मोडकळीला आलेली मोजकी घरे काढावीत, त्या जागी छोटे चौक करावेत, झाडे लावावीत, बाकीची वस्ती राहू द्यावी, असे ते सांगत.

होळकरांच्या इंदूरलाही प्लेगने ग्रासले होते. तेथे गेडिस यांनी दिवाळीत मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले की, जो रस्ता सर्वांत स्वच्छ असेल, जिथली घरे नीट डागडुजी केलेली असतील, तिथून ती जाईल. घरोघरी झाडलोट आणि रंगरंगोटी सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिकृती होती. सफाई कामगारही सन्मानाने, हार घालून सामील झाले होते. नागरिकांना नगररचना इतक्या सोप्या भाषेत क्वचितच कोणी समजावली असेल.

१९१९ मध्ये हेच गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. योगायोग असा, की आमच्या विश्रामबागेची शान असलेले विलिंग्डन महाविद्यालयही त्याच वर्षीचे.

आज ही पद्धत थोडीफार कायद्यातही आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती व सूचना देता येतात, त्यांवर सुनावणी होते. पण मुदत ३० दिवसांची, नकाशा महापालिकेत टांगलेला आणि भाषा कचेरीची. ज्याचे दुकान आरक्षणात जाणार त्यालाच शेवटी कळते.

याहून वेगळे काही करता येते, हेही सांगलीने पाहिले आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतील झोपडपट्ट्यांचे घरोघर जाऊन सर्वेक्षण केले, नकाशे तयार केले आणि पुनर्वसनाच्या कामात रहिवाशांना, विशेषतः बायकांना, घराच्या आराखड्यावर बोलते केले. जे झोपडपट्टीत जमले, ते पेठेत का जमू नये?

उद्या जुन्या सांगलीच्या नूतनीकरणाचा विषय निघाला तर तीन गोष्टी आधी व्हाव्यात, असे मला वाटते. प्रत्येक घरावर पुराची खूण नोंदवावी. मालकाबरोबर भाडेकरू आणि फुटपाथवरचा विक्रेता यांचीही यादी करावी. आणि सुनावणी कचेरीत दुपारी न ठेवता मारुती चौकात, दुकाने बंद झाल्यावर ठेवावी. काही घरे नदीसाठी सोडावी लागतील, हे खरेच. पण कोणती, हे पेठेला विचारून ठरले तर माणसे ती सोडतील. न विचारता ठरले, तर मुंबईसारखी ती शेजारच्या बोळात शिरतील, आणि पुढच्या पुरात पाणी तिथेही येईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)