वर्तमानकालीन सबजंक्टिव्ह (स्पॅनिश व्याकरण)

वर्तमानकालीन सबजंक्टिव्ह (स्पॅनिश: प्रेसेन्ते दे सुबहुन्तिबो) हा स्पॅनिश क्रियापदाच्या रूपांचा एक संच आहे. घडलेली वा घडणारी गोष्ट केवळ सांगण्यासाठी नव्हे, तर तिच्याविषयीची इच्छा, विनंती, शंका, भावना किंवा अपेक्षा व्यक्त करण्यासाठी ही रूपे वापरतात. मराठी व्याकरणातील स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ या चार अर्थांपैकी विध्यर्थ त्याला सर्वांत जवळचा आहे. तथापि दोहोंची व्याप्ती सारखी नाही. या लेखातील स्पॅनिश शब्दांचे लिप्यंतर लॅटिन अमेरिकेतील उच्चारानुसार केले आहे.

== रूपसिद्धी ==

स्पॅनिश क्रियापदांची मूळ रूपे -आर, -एर किंवा -ईर या प्रत्ययांनी संपतात. नियमित क्रियापदाचे सबजंक्टिव्ह रूप तीन पायऱ्यांनी सिद्ध होते:

१. स्वार्थी वर्तमानकाळाचे प्रथमपुरुषी एकवचन घ्यावे. उदा. आब्लार (बोलणे) : आब्लो (मी बोलतो).
२. शेवटचा 'ओ' काढून टाकावा : आब्ल्-.
३. विरुद्ध गटाचा स्वर जोडावा. -आर गटास 'ए', तर -एर व -ईर या गटांस 'आ' लागतो.

| पुरुष व वचन | आब्लार (बोलणे) | कोमेर (खाणे, जेवणे) | बिबीर (राहणे, जगणे) |
|---|---|---|---|
| मी | आब्ले | कोमा | बिबा |
| तू | आब्लेस | कोमास | बिबास |
| तो, ती, आपण (आदरार्थी) | आब्ले | कोमा | बिबा |
| आम्ही | आब्लेमोस | कोमामोस | बिबामोस |
| तुम्ही (स्पेनमध्ये) | आब्लेइस | कोमाइस | बिबाइस |
| ते, त्या, तुम्ही | आब्लेन | कोमान | बिबान |

प्रथम व तृतीय पुरुषाचे एकवचन एकच असल्याने संदिग्धता टाळण्यासाठी कधी कधी कर्ता स्पष्टपणे लिहितात. लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही'साठीचे स्वतंत्र रूप वापरात नाही. तेथे 'उस्तेदेस' या सर्वनामासह शेवटच्या ओळीतील रूप येते.

स्वरांची ही अदलाबदल लॅटिनमधून आलेली आहे. लॅटिनमध्येही पहिल्या गटातील क्रियापदांस सबजंक्टिव्हमध्ये 'ए', तर इतर गटांतील क्रियापदांस 'आ' लागत असे.

== लेखन व आघात ==

उच्चार कायम राखण्यासाठी काही नियमित क्रियापदांचे रोमन लेखन बदलते. बुस्कार (शोधणे) याचे रूप 'बुस्के' होते. उच्चारातील 'क' तोच राहतो. परंतु लेखनात 'सी' या अक्षराच्या जागी 'क्यू' व 'यू' ही दोन अक्षरे येतात. येगार (पोहोचणे) याच्या 'येगे' या रूपात 'जी' अक्षरानंतर 'यू' लिहितात. हे बदल केवळ लेखनातील असल्याने अशी क्रियापदे अनियमित ठरत नाहीत.

आघातास विशेष महत्त्व आहे. 'आब्ले' या शब्दात पहिल्या अक्षरावर आघात दिल्यास ते सबजंक्टिव्ह होते. शेवटच्या अक्षरावर दिल्यास 'मी बोललो' असा भूतकाळ होतो. लेखनात भूतकाळी रूपाच्या अंत्य स्वरावर आघातचिन्ह असते.

== उपयोग ==

'के' (की) या अव्ययाने जोडलेल्या गौण वाक्यात हे रूप विशेषेकरून आढळते.

* '''इच्छा :''' क्येरो के आब्लेस (तू बोलावेस अशी माझी इच्छा आहे). दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असल्यास मूळ रूपच वापरतात : क्येरो आब्लार (मला बोलायचे आहे).
* '''आवश्यकता :''' एस नेसेसार्यो के कोमामोस (आपण जेवणे आवश्यक आहे).
* '''शंका व नकार :''' क्रेओ के बिबे आकी (तो येथे राहतो असे मला वाटते) यात स्वार्थ आहे. नो क्रेओ के बिबा आकी (तो येथे राहतो असे मला वाटत नाही) यात सबजंक्टिव्ह.
* '''भावना :''' मे आलेग्रा के बिबास आकी (तू येथे राहतोस याचा मला आनंद वाटतो). येथे राहणे ही वस्तुस्थिती असूनही सबजंक्टिव्ह येतो. म्हणून 'अनिश्चिततेचे रूप' ही त्याची प्रचलित व्याख्या अपुरी ठरते.
* '''अनिश्चित व्यक्ती वा वस्तू :''' बुस्को आ आल्ग्येन के आब्ले माराती (मराठी बोलणारे कोणीतरी मी शोधत आहे). अशी व्यक्ती ठाऊक असल्यास 'आब्ला' हे स्वार्थी रूप येते.
* '''भावी काळ :''' कुआंदो कोमास (तू जेवशील तेव्हा). नेहमीची सवय सांगताना मात्र कुआंदो कोमेस (तू जेवतोस तेव्हा) असे म्हणतात.

'पारा के' (म्हणून, यासाठी की), 'आन्तेस दे के' (पूर्वी) व 'सिन के' (-शिवाय) यांनंतर सबजंक्टिव्हच येतो.

एका स्वराने वाक्याचा आशय कसा पालटतो, हे 'देसीर' (सांगणे) या क्रियापदासोबत स्पष्ट दिसते. 'दिसे के कोमेस' म्हणजे 'तू जेवतोस असे तो सांगतो'; 'दिसे के कोमास' म्हणजे 'तू जेवावेस असे तो सांगतो'. पहिले वाक्य वृत्त देते, दुसरे आज्ञा पोहोचवते. बोलताना 'ए' आणि 'आ' यांत गल्लत झाली, तर निरोपाचा अर्थच बदलतो.

== आज्ञा व आशीर्वाद ==

आदरार्थी आज्ञा (आब्ले : बोला), निषेधार्थी आज्ञा (नो आब्लेस : बोलू नकोस) आणि 'आब्लेमोस' (बोलूया) ही रूपे सबजंक्टिव्हचीच आहेत. 'बिबा मेहिको' या घोषणेतील 'बिबा' हे 'बिबीर'चे तृतीयपुरुषी एकवचन असून तिचा भावार्थ 'मेक्सिको चिरायू होवो' असा आहे. 'ओहाला' हा 'देव इच्छील तर' या अर्थाच्या अरबी शब्दसमूहावरून आलेला शब्द असून त्यानंतरही सबजंक्टिव्ह येतो : ओहाला बिबा मुचोस आन्योस (देव करो आणि तो पुष्कळ वर्षे जगो).

== मराठीशी तुलना ==

वरील उदाहरणांत एकाच स्पॅनिश रूपासाठी मराठीत 'बोलावेस' (विध्यर्थ), 'जगो' (आज्ञार्थ), 'जेवशील' (भविष्यकाळ) व 'राहतोस' (स्वार्थी वर्तमानकाळ) अशी निरनिराळी रूपे आली आहेत. त्यामुळे मराठी वाक्यातील क्रियापदाकडे पाहून स्पॅनिश रूप ठरवता येत नाही. मुख्य वाक्यातील क्रियापद किंवा जोडणारे अव्यय पाहूनच ते ठरवावे लागते.

== अपवाद ==

'ओ' काढण्याचा नियम अनेक अनियमित क्रियापदांनाही लागू पडतो, उदा. तेनेर (जवळ असणे) : तेंगो : तेंगा. ज्यांचे प्रथमपुरुषी एकवचन 'ओ'ने संपत नाही, अशा सेर, एस्तार, ईर, दार, साबेर व आबेर या सहा क्रियापदांची रूपे मात्र स्वतंत्रपणे शिकावी लागतात.