कला उपचार : मनाच्या आजारातून सावरताना गाणे, चित्र, नाटक आणि लेखन

एप्रिल महिना जवळ आला की मुरगूड आणि कागल तालुक्यातल्या वस्त्यांत तालमी सुरू होतात. कुठे भीमगीते बसवली जातात, कुठे लेझीम, कुठे पथनाट्य. जयंती पार पडली की वाद्ये पुन्हा कपाटात जातात. त्याच वस्तीत एखादा तरुण महिनोन्महिने घराबाहेर पडलेला नसतो, कोणी दारूत बुडालेला असतो, कोणी बाळंतीण भिंतीकडे तोंड करून रडत असते. त्यांच्या दुखण्याचा आणि कपाटातल्या वाद्यांचा काही संबंध असेल, असे आपल्या मनातही येत नाही.

या लेखात आम्ही तो संबंध मांडत आहोत. जगभर 'कला उपचार' म्हणून जे ओळखले जाते ते नेमके काय आहे, महाराष्ट्रात त्याचे काय काम झाले, संशोधन काय सांगते आणि वेदगंगेकाठच्या मुरगूडसारख्या गावात कार्यकर्त्यांनी काय करावे व काय करू नये, याची ही माहिती. कला औषधाची जागा घेत नाही, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. मात्र ती नीट वापरली तर आजारी माणसाला व्यक्त व्हायला, माणसांत यायला आणि उपचारात टिकून राहायला बळ देते. त्यासाठी तिला मंचावरून खाली उतरावे लागते.

कला उपचार म्हणजे काय?

चित्रोपचार, संगीतोपचार, नाट्योपचार, नृत्य व हालचालींवर आधारित उपचार आणि लेखनोपचार हे याचे मुख्य प्रकार. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. प्रशिक्षित उपचारक आणि रुग्ण ठरावीक उद्देशाने, ठरावीक वेळी, नियमितपणे एखाद्या कलेच्या माध्यमातून काम करतात. चित्र सुंदर आले का, आवाज सुरात लागला का, हे तिथे कोणी पाहत नाही. ते करताना माणसाला काय जाणवले, काय आठवले, काय बोलता आले, हे महत्त्वाचे.

विरंगुळा म्हणून गाणे ऐकणे चांगलेच, पण तो उपचार नव्हे. मानसिक आजारावर चित्रपट काढणे ही जनजागृती झाली. उपचारात आजारी माणूस स्वतः करणारा असतो आणि प्रेक्षक बहुधा नसतोच.

शब्द सापडत नाहीत तिथे ही पद्धत विशेष उपयोगी पडते. हिंसाचार सोसलेली मुलगी, अपमान गिळून घरी आलेला विद्यार्थी, व्यसन सोडताना लाजेने मान खाली घालणारा बाप यांना 'काय होतंय ते सांग' म्हटले तर ते गप्प बसतात. हातात माती किंवा खडू दिला तर कधी कधी पहिली वाट तिथून निघते.

ही विद्या कशी घडली?

इंग्लंडमधील चित्रकार एड्रियन हिल क्षयरोगावर उपचार घेत असताना चित्रे काढू लागले. त्यातून आपल्याला उभारी मिळते हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी इतर रुग्णांनाही त्यात ओढले. 'आर्ट थेरपी' हा शब्द त्यांनी १९४२ साली वापरला. त्याच वर्षी अमेरिकेत मॅरियन चेस यांनी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात नृत्यातून उपचाराचे काम सुरू केले. त्याआधी व्हिएन्नामध्ये याकोब मोरेनो यांनी रुग्णाला स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग अभिनयातून पुन्हा जगायला लावणारी 'सायकोड्रामा' पद्धत घडवायला सुरुवात केली होती.

कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे असे नाव म्हणजे ब्राझीलच्या डॉ. नीझे दा सिल्वेरा. विजेचे झटके आणि मेंदूवरील शस्त्रक्रिया हेच उपचार मानले जात होते, तेव्हा या डॉक्टर बाईंनी ते करायला नकार दिला. १९४६ मध्ये त्यांनी रिओ दि जानेरोच्या मनोरुग्णालयात रुग्णांसाठी चित्रशाळा उघडली. तिथल्या चित्रांमधून १९५२ साली एक संग्रहालय उभे राहिले. ज्यांना समाजाने 'वेडे' म्हणून मोडीत काढले होते, त्यांच्या आत काय चालले आहे ते जगाला दिसले. माणसाला माणूस म्हणून पाहणे हा त्या कामाचा पाया होता.

महाराष्ट्रातील काम

आपल्याकडचे सर्वांत परिचित उदाहरण पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि अनिल अवचट यांनी ते २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंची मदत त्यामागे होती. इथे औषधे आणि समुपदेशन यांच्याबरोबर गटचर्चा, योग आणि संगीत यांनाही उपचारात स्थान मिळाले. अनिल अवचट स्वतः बासरी वाजवत, लाकडात शिल्पे कोरत, ओरिगामी करत. व्यसन सुटले की दिवसात एक मोठी पोकळी उरते. ती कशाने भरायची, हा व्यसनमुक्तीतला कळीचा प्रश्न आहे आणि त्याचे एक उत्तर छंदात, कलेत आहे.

स्किझोफ्रेनियाबाबत कॅनडात स्थायिक झालेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुढाकार घेतला आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) हा चित्रपटही त्यांच्या पुढाकारातून आला. तो कला उपचार नव्हे. पण 'भूतबाधा' म्हणून झाकल्या जाणाऱ्या आजाराला त्याने मराठी घराघरांत नाव दिले.

देशात पाहायचे तर सोहिनी चक्रवर्ती यांच्या 'कोलकाता संवेद' या संस्थेने मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर नृत्य व हालचालींतून उपचाराचे मोठे काम केले. ज्या शरीरावर अत्याचार झाला त्या शरीराशी पुन्हा मैत्री करायची, हा त्यामागचा विचार. या संस्थेच्या सहकार्याने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस) या विषयाचा पदविका अभ्यासक्रमही सुरू झाला.

पुरावा काय सांगतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९ साली कला आणि आरोग्य यांवरील ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळणे, उपचार आणि पुनर्वसन या तिन्ही ठिकाणी कलांचा उपयोग होऊ शकतो, असे त्यात दिसले. नैराश्यावरील संगीतोपचाराच्या २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात ९ अभ्यास व ४२१ व्यक्ती होत्या. नेहमीच्या उपचाराला संगीतोपचाराची जोड दिली तेव्हा अल्पकाळात नैराश्याची लक्षणे अधिक कमी झाली, असा त्याचा निष्कर्ष आहे. 'जोड दिली तेव्हा' हे शब्द महत्त्वाचे आहेत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या ४१७ व्यक्तींवर सामूहिक चित्रोपचाराची मोठी चाचणी झाली. २०१२ मध्ये आलेल्या निकालात नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. अनेक जण सत्रांना फारसे आलेच नव्हते. ज्याला त्या माध्यमाची ओढ नाही त्याच्या हातात कुंचला देऊन काही साधत नाही, हा त्यातून घेण्यासारखा धडा.

लेखनाबाबत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातल्या जखमांविषयी लिहिले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. मात्र लिहून झाल्यावर लगेच त्यांना अधिक वाईट वाटत होते. म्हणूनच कोणाला जखम उघडायला लावून तसेच घरी पाठवू नये. 'अमुक राग ऐका, अमुक आजार बरा होईल' अशा दाव्यांना तर भक्कम आधार नाही. त्यापासून दूर राहावे.

आपल्या घरातली पुंजी

दुःख कलेतून हलके करणे आपल्याला नवे नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून ओव्या गात आणि सासरचा जाच, माहेरची ओढ, लेकराचे मरण त्या जात्याला सांगत. हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत.

सत्यशोधक जलशाचा वारसा घेऊन १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी ते गावोगाव नेले. पुढे वामनदादा कर्डकांनी गाण्याला आयुष्य वाहिले. जलशाचे काम प्रबोधनाचे होते. पण मान खाली घालून जगणाऱ्या माणसाने शेकडो लोकांबरोबर ताठ मानेने गाणे, याचा मनावर काय परिणाम होत असेल ते वेगळे सांगायला नको. दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) पुढे आलेल्या आत्मकथनांनी आतली जखम कागदावर आणली. ऊर्मिला पवार यांच्या आत्मकथनाचे नाव 'आयदान' (२००३), म्हणजे बांबूची विणलेली वस्तू. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, असे त्या मानतात.

इथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक वाद्य प्रत्येकाला सुखाचे नसते. हलगी वाजवण्याचे काम एकेकाळी जातीने लादलेले होते आणि बाबासाहेबांच्या चळवळीत अनेकांनी ते स्वाभिमानाने सोडले. एखाद्या तरुणाला हलगीच्या ठेक्याने स्फुरण चढेल. त्याच घरातल्या म्हाताऱ्याला तोच ठेका बेगारीची आठवण करून देईल. म्हणून माध्यम निवडण्याचा हक्क ज्याचे दुखणे त्याचाच असावा.

दुखणे मनाचे, कारण समाजाचे

कॉलेजात आडनाव विचारून बाजूला बसवले गेलेल्या विद्यार्थ्याची झोप उडाली, तर दोष फक्त त्याच्या मनाचा कसा? त्याला चित्रे काढायला लावून अन्याय तसाच ठेवणे म्हणजे फसवणूक होय.

यावर ब्राझीलचे नाटककार ऑगस्टो बोआल (१९३१–२००९) यांची 'शोषितांची रंगभूमी' उपयोगी पडते. तिच्या एका प्रकारात अन्यायाचा प्रसंग करून दाखवतात. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो. या वेळी प्रेक्षकांतले कोणीही 'थांबा' म्हणून शोषिताच्या जागी उभे राहते आणि वेगळे काही करून पाहते. कोणी प्रतिप्रश्न करते, कोणी साक्षीदार गोळा करते, कोणी तक्रार लिहिते. उत्तर एकच नसते, पण आपल्याला काही करता येते ही जाणीव परत येते. पश्चिम बंगालमध्ये संजय गांगुली यांच्या 'जनसंस्कृती'ने १९८५ पासून गावोगावच्या कष्टकऱ्यांबरोबर काम केले आणि ही पद्धत तिथे रुजवली. पथनाट्य बसवणाऱ्या आपल्या तरुणांना ती शिकणे अवघड नाही.

गावात सुरुवात कशी करावी?

विहार, समाजमंदिर किंवा शाळेची खोली पुरेशी आहे. आठ-दहा जणांचा गट, आठवड्यातला एक ठरलेला वार, दीड तास. साहित्य म्हणून खडू, जुनी वर्तमानपत्रे, कुंभाराकडची माती, वह्या आणि घरात असेल ते वाद्य. नियम मात्र कडक हवेत :

• इथले बोलणे, चित्र, लेखन बाहेर जाणार नाही. फोटो नाही, व्हॉट्सॲप स्टेटस नाही.
• स्पर्धा नाही, बक्षीस नाही, जयंतीला सादर करण्याची सक्ती नाही.
• कोणालाही जखम सांगायला भाग पाडायचे नाही. गप्प बसण्याचाही हक्क आहे.
• चित्राचा अर्थ इतरांनी लावायचा नाही. काढणाऱ्याला वाटले तर तो सांगेल.
• शेवटची दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष, एखादे समूहगीत किंवा चहा. कोणालाही रडवेल्या अवस्थेत घरी सोडायचे नाही.
• स्त्रियांना हवे असेल तर त्यांचा गट वेगळा.

असा गट म्हणजे आधारगट. त्याला 'थेरपी' म्हणू नये. उपचार म्हणून काम करायचे असेल तर प्रशिक्षित उपचारक किंवा मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक यांची देखरेख हवी. 'मी कला उपचारक आहे' असे कोणी म्हटले तर कुठे शिकलात, किती काळ, कोणाच्या देखरेखीखाली काम करता, हे विचारायला संकोच नको.

थांबायचे कुठे, हेही ठरलेले असावे. मरण्याची भाषा, कानात आवाज येणे, अनेक दिवस झोप किंवा जेवण नसणे, दारू सोडताना थरथर किंवा झटके, यांपैकी काहीही दिसले तर गटाचे काम संपले आणि डॉक्टरांचे सुरू झाले. गटात बरे वाटते म्हणून कोणाला गोळ्या बंद करू देऊ नये.

मदत आणि हक्क

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतील प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना मानसिक आजार आढळला. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचलेले नव्हते. मुरगूडच्या माणसाला कोल्हापूरला जाऊन यायचे तर दिवसाचा रोजगार बुडतो. त्यात 'लोक काय म्हणतील' आणि देवऋषाकडचे खेटे. असा उशीर होत जातो.

टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ वर चोवीस तास बोलता येते, मराठीतही. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी सेवेत उपचार मिळणे हा हक्क आहे आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना ते मोफत मिळायला हवेत. रुग्णाला साखळीने बांधण्यास कायद्याने मनाई आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे कायदा गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकतो.

आमचे कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच. पुढच्या जयंतीच्या बैठकीत वर्गणी आणि मिरवणुकीचा मार्ग ठरवताना आणखी दोन गोष्टी ठरवा : वर्षभर आठवड्यातून एकदा खोली कोण उघडणार, आणि गेल्या काही महिन्यांत तालमीला यायचा बंद झालेला मुलगा कोण, त्याच्या घरी कोण जाणार. त्याच्याकडे जाताना १४४१६ हा नंबर कागदावर लिहून न्या.