'टेक' या शब्दाची साक्ष

नागपूरच्या ईशान्येस सुमारे 50 किलोमीटरांवर असलेले रामटेक आमच्या वाचकांस अपरिचित नाही. तेथील टेकडी, तिच्या माथ्यावरील रामलक्ष्मणांची देवळे आणि खाली पसरलेला अंबाळा तलाव यांची वर्णने पुष्कळांनी वाचली असतील. आम्हांस आज विचार करावयाचा आहे तो या नावाच्या उत्तरार्धाचा, म्हणजे 'टेक' या चिमुकल्या शब्दाचा. शब्द लहान असला तरी त्याच्या अर्थावर एका क्षेत्राचा इतिहास अवलंबून आहे.

या शब्दाचे तीन अर्थ लोकांत सांगितले जातात. पहिला अर्थ टेकडी, टेकाड या शब्दांत दिसणारा उंचवट्याचा. दुसरा 'टेकणे' या क्रियापदावरून आलेला. वनवासात श्रीराम येथे क्षणभर टेकले, म्हणून रामटेक. तिसरा अर्थ प्रतिज्ञेचा. राक्षसांचा संहार करण्याची टेक रामाने येथे घेतली, अशी आख्यायिका आहे. तिन्ही अर्थ ऐकताना पटण्याजोगे आहेत आणि अडचण नेमकी हीच आहे.

केवळ कानाच्या साक्षीवर विसंबावयाचे ठरविले, तर तीनवरच का थांबावे? तुर्की भाषेत 'तेक' म्हणजे एकटा, एकमेव. तेव्हा वनवासी रामाचे एकाकीपण या नावात आहे, असे कोणी म्हणू शकेल. मलयाळम व तमिळ भाषांत 'तेक्कु' म्हणजे साग. मलयाळममधून हाच शब्द पोर्तुगीजांच्या मुखाने युरोपात गेला आणि इंग्रजीत 'टीक' झाला. रामटेकच्या आसमंतात सागवान विपुल आहे. मग 'रामाचे सागवन' हा अर्थ काय वाईट? सर्वांत मोठा मोह जपानी भाषेचा. तीत 'ताके' म्हणजे उंच शिखर, आणि त्या देशात 'ओन्ताके' नावाचा एक पवित्र पर्वत आहे. इकडे रामटेक, तिकडे ओन्ताके. दोन्ही डोंगर आणि दोन्ही देवांचे! एवढ्या सामग्रीवर प्राचीन हिंदूंचे जपानात राज्य होते असे सिद्ध करणारा ग्रंथ सहज उभा राहील. परंतु त्याच न्यायाने डच भाषेतील 'टेक' म्हणजे गोचीड, याचीही वाट त्या ग्रंथकारास लावावी लागेल.

मनुष्याच्या मुखातून निघणारे ध्वनी मोजके आहेत आणि भाषा हजारो आहेत. तेव्हा एकदोन अक्षरांचे शब्द परस्परांशी संबंध नसलेल्या भाषांत जुळणे हे आश्चर्य नव्हे; ते न जुळते तरच आश्चर्य. दोन भाषांचे नाते ठरवावयाचे तर एक शब्द पुरत नाही. अनेक शब्दांत एकाच नियमाने होणारे ध्वनींचे परिवर्तन दाखवावे लागते. आणि एका गावाच्या नावाचा अर्थ ठरवावयाचा, तर त्या गावचे जुने लेख विचारावे लागतात.

रामटेकच्या सुदैवाने असे लेख उपलब्ध आहेत. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन. तेथील 2015 ते 2018 या काळातील उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मृण्मुद्रा सापडली. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या या कन्येच्या ऋद्धपूर येथील ताम्रपटात रामगिरिस्वामीच्या चरणांचा निर्देश आहे. म्हणजे पाचव्या शतकात हे स्थान 'रामगिरि' होते. पुढे यादव रामचंद्रदेवाच्या काळातील (1271 ते 1311) लक्ष्मणमंदिराच्या शिलालेखात याच डोंगरास सिंदूरगिरि व तपोगिरि म्हटले आहे. नावाचा पूर्वार्ध पालटला, पण 'गिरि' कायम राहिला. मेघदूतातील रामगिरि तो हाच, असे विल्सनने 1813 मध्ये सुचविले आणि नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार प्रतिपादिले. ज्यांना हा रामगिरि सरगुजाकडील रामगड वाटतो, त्यांच्याशी वाद काही काळ चालेल. परंतु 'टेक' हा 'गिरि'चाच देशी अवतार होय, याविषयी आम्हांस शंका वाटत नाही.

मग प्रतिज्ञेची कथा टाकून द्यावयाची काय? मुळीच नाही. हिंदी व गुजराती भाषांत 'टेक' म्हणजे पण, निर्धार हा अर्थ मराठीपेक्षा अधिक रुळलेला आहे. रामटेकच्या उत्तरेस शिवनीचा हिंदी मुलूख लागतो, आणि 1956 पर्यंत नागपूर ही एका द्विभाषिक प्रांताची राजधानी होती. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस मराठी यात्रेकरूंबरोबर हिंदी बोलणारेही येत आले आहेत. मराठी माणसाने ज्या शब्दात डोंगर पाहिला, त्यातच उत्तरेकडून आलेल्या भाविकास प्रतिज्ञा ऐकू आली असावी, असा आमचा तर्क आहे. तो खरा असेल, तर ही कथा नावाची व्युत्पत्ती म्हणून चुकीची, पण दोन भाषांच्या शेजाराचा पुरावा म्हणून मोलाची ठरते.

आपल्याकडे ध्वनिसाम्यावर देश जिंकण्याची हौस मोठी आहे. तिच्यापायी ताम्रपटातील खरा पुरावा मात्र मागे पडतो. रामटेकच्या रामास जपानातून साक्षीदार आणण्याची गरज नाही; त्याच्या पायथ्याशी पंधराशे वर्षांपूर्वीची एक राणी ती साक्ष देऊन गेली आहे.